तीन नंबरच्या चौदा बॅच

देवश्री शिर्केला नंदेसरीतल्या रंगाच्या कारखान्यातली नोकरी आवडायची. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. केमिकलच्या कारखान्यात काम करणारी बाई म्हटलं की लोक आधीच रुमाल काढून बसतात. रुमाल खिशात ठेवावेत. निजामपुऱ्यातून सकाळी कंपनीची बस, सव्वाआठला लॅब, मांडणीवर ओळीने लावलेले रंगीत पाण्याचे नमुने, आणि आपण काढलेला आकडा बरोबर आहे याची पक्की खात्री. एवढं सुख फार लोकांना मिळत नाही.

बी.एस्सी. तिने बडोद्यातच केलं, सेकंड क्लासात. प्रोग्रामिंग कुणी शिकवलं नव्हतं. फोनवर व्हिडिओ बघून, दहादा चुकून, अकराव्यांदा शिव्या घालून ती स्वतःच शिकली. कारखान्यातले इंजिनिअर तिला ‘लॅबवाळा बेन’ म्हणायचे. तिच्याकडे बाटली द्यायची आणि आकडा घ्यायचा, याच्या पलीकडे तिला डोकं असेल अशी शंका त्यांच्यापैकी कुणाला आली नव्हती.

त्या जानेवारीत प्रश्न होता तीन नंबरच्या रिअ‍ॅक्टरचा. त्याच्या सांडपाण्यात घाण फार. ती मोजायचा आकडा म्हणजे सीओडी. तो चार हजारांच्या खाली हवा, आणि तीन नंबरचा यायचा पाच हजार दोनशे. आकडा देवश्रीच काढायची, म्हणजे वाईट बातमी रोज तिच्याच हाताने वर जायची. शेवटी मालक हसमुखभाईंनी सांगून टाकलं, चौदा दिवस, रोज एक, अशा चौदा बॅच करून बघा. जमलं तर ठीक. नाही तर तीन नंबर बंद, आणि त्याच्यावरची नऊ माणसं घरी.

घाण कमी कशी करायची हे कुणालाही विचारा, सांगेल. अ‍ॅसिड हळू सोडलं की घाण कमी होते, पण बॅच लांबते. तापमान उतरवलं की घाण कमी होते, पण माल कमी निघतो. माल वाढवायला जावं तर घाण वाढते. तीन तोंडं, एकाला भरवलं की दुसरं रडतं. हसमुखभाईंना तिन्ही तोंडं गप्प हवी होती, तीसुद्धा चौदा दिवसांत.

त्यासाठी पुण्याहून निहार आला. एम.टेक., वय अठ्ठावीस, लॅपटॉपवर चार स्टिकर. पोरगा वाईट नव्हता. त्याने पहिल्याच दिवशी जुन्या बॅचची माहिती मागितली, आणि ती देवश्रीकडे तयार होती. तीन वर्षांच्या अकराशे लॉगशीट तिने सहा महिने रोज संध्याकाळी बसून कॉम्प्युटरमध्ये चढवल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. कधीतरी लागतील म्हणून.

“हे तुम्ही एकटीने केलंत?” निहारने विचारलं.

“दुसऱ्या कुणाला वेड लागलं नव्हतं.”

निहारने त्या माहितीवरून कॉम्प्युटरच्या आत एक खोटा रिअ‍ॅक्टर बनवला आणि त्याच्यावर आपला लाडका अल्गोरिदम सोडला. शंभर कृतींचा कळप घ्यायचा, त्यांचं आपसांत लग्न लावायचं, पोरं काढायची, मार खाल्लेली फेकायची, उरलेल्यांची पुन्हा लग्नं. अशा पन्नास पिढ्या. पाच हजार बॅच चहा संपायच्या आत. पडद्यावर ठिपक्यांची सुरेख कमान उमटली. कमानीवरचा कुठलाही ठिपका घ्या, त्याला तिन्ही बाबतींत हरवणारा दुसरा ठिपका नाही. हसमुखभाईंनी ती कमान बघितली आणि म्हणाले, “सरस.”

कमानीवरच्या चार कृती तीन नंबरमध्ये चालवल्या. चारही आपटल्या. एकीत माल डांबरासारखा चिकट निघाला, दुसरीत सीओडी सहा हजारांवर गेला. चौथ्या दिवशी हसमुखभाई नुसतेच “दस बाकी” म्हणाले आणि केबिनमध्ये गेले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

आता अशा वेळी शिकलेला माणूस काय करतो? अल्गोरिदमची बटणं फिरवतो. कळप दोनशेचा करतो, पिढ्या शंभर करतो. निहारने तेच केलं. पायाखालचा दगड हलतो की नाही हे वाकून बघायचं सोडून मजला वाढवायचा, ही खोड पदवीबरोबरच मिळत असावी. देवश्री मात्र आपल्याच अकराशे लॉगशीट उघडून बसली. आकडे तिने चढवलेले होते. खोट असलीच तर तिच्या हातातून गेलेली असणार.

पाचव्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत, त्या दिवसाची बॅच लागायच्या आधी, तिला सापडलं. मागच्या सप्टेंबरातला एक दिवस. त्या दिवशी दीड ते साडेचार कारखान्यात वीज नव्हती. तिला पक्कं आठवत होतं, कारण लॅबमधला फ्रीज बंद पडून नमुने फेकावे लागले होते. पंखे बंद, पंप बंद, ढवळणारं यंत्र बंद. आणि तीन नंबरच्या लॉगशीटवर दोन वाजता तापमान बासष्ट, तीन वाजता एकसष्ट, चार वाजता बासष्ट. ढवळणं चालू, असं लिहिलेलं.

ती डबा तसाच टाकून रिअ‍ॅक्टरच्या शेडमध्ये गेली.

धनाजीराव जाधव तीन नंबरवर एकोणीस वर्षं होते. राहायला तरसालीला. रोज अख्खं शहर ओलांडून यायचे आणि कधी उशीर नाही. वय छप्पन्न, आवाज जाडा, कान तयार. रिअ‍ॅक्टरच्या भिंतीला पाना लावून आतला आवाज ऐकायचे. देवश्री त्यांना काका म्हणायची आणि ते तिला ताई म्हणायचे. पंचवीस वर्षांचं अंतर दोघांनी असं मिटवून टाकलं होतं.

तिने कागद समोर धरला. “काका, वीज नसताना ढवळत कोण होतं? तुम्ही पळी घेऊन उतरला होतात?”

धनाजीरावांनी कागदाकडे बघितलं, मग तिच्याकडे. “हा सकाळीच भरलेला असणार.”

“सकाळी?”

“पाळी सुरू झाली की भरून टाकतो आम्ही. सगळेच. एखादा बासष्ट, एखादा एकसष्ट, मधेच एक त्रेसष्ट, म्हणजे खरं वाटतं.”

“आणि खरं किती असतं?”

“खरं कुणाला पाहिजे? कागदावर कृती बासष्टची. साठ लिहिलं की मेमो. एका वर्षात तीन मेमो खाल्लेत मी. खरं लिहिलं म्हणून तीन, बॅच बिघडली म्हणून एक पण नाही. मग ठरवलं, साहेबाला बासष्ट हवं, घे बासष्ट.”

देवश्री उलट्या ठेवलेल्या ड्रमवर बसली. सहा महिन्यांच्या संध्याकाळी. अकराशे कागद. तिने इतक्या काळजीने चढवलेलं सगळं या माणसांनी सकाळी चहा पिता पिता मनाने लिहिलं होतं. तिला राग आला, आणि तो नक्की कुणावर काढायचा ते कळेना. धनाजीरावांवर काढावा तर त्यांचं चुकलं काय? जिथे खरं बोलायला शिक्षा आणि खोटं बोलायला पगार, तिथे माणूस खोटंच लिहिणार. तुम्ही-आम्हीही लिहू.

“काका, तुम्ही खरंच चालवता कितीवर?”

“सत्तावन्न-अठ्ठावन्न. उन्हाळ्यात गार पाणीच गार नसतं, मग साठला जातं. अ‍ॅसिड चाळीस मिनिटं लिहितो, पण पाऊण तास तरी लावतो. घाईने सोडलं की आत गुरगुरतं.”

“हे चार दिवस का नाही सांगितलंत?”

“विचारलं कुणी?” धनाजीराव म्हणाले. “तो पुण्याचा पोरगा चार दिवस आलाय. एकदाही शेडमध्ये पाय नाही ठेवला.”

हसमुखभाईंच्या केबिनमध्ये देवश्री निहारला घेऊनच गेली. हसमुखभाई मराठी शेजारात वाढलेले, मराठी झकास बोलायचे, फक्त रागावले की गुजरातीत शिरायचे.

“लॉगशीट सगळ्या खोट्या आहेत,” ती म्हणाली. “आणि त्या मीच चढवल्या. म्हणजे चार बॅच माझ्यामुळे गेल्या.”

“कोणे लख्यू खोटू?” हसमुखभाई गुजरातीत शिरले.

“नाव सांगणार नाही. नाव हवं असेल तर मेमो काढणाऱ्याचं लिहून घ्या. खरं लिहिलं की तुम्ही मेमो काढता, म्हणून सगळे खोटं लिहितात. दहा बॅच उरल्यात. दहा बॅच मेमो नाही, हे तुम्ही स्वतः शेडमध्ये येऊन सांगा. मी सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही.”

पगार घेणाऱ्या माणसाने मालकाशी असं बोलू नये असं म्हणतात. असं म्हणणारे बहुतेक मालक असतात. हसमुखभाईंनी पेपरवेट बाजूला सरकवला. मग उठले, शेडमध्ये गेले आणि नऊ जणांसमोर म्हणाले, “दस बॅच जे होईल ते लिहा. मेमो नाही. चालो.” आणि वळून गेले. शेठ शेडमध्ये येऊन गेले याचंच लोकांना इतकं आश्चर्य वाटलं की ते काय बोलले हे धनाजीरावांना पुन्हा सांगावं लागलं.

प्रश्न आता दुसराच होता. दहा बॅच, हाताशी जुनी माहिती नाही. कुठली पद्धत वापरायची? त्या संध्याकाळी बस सुटायला पाऊण तास होता. तिघं कँटीनमध्ये बसले. धनाजीराव मध्ये.

“माझा अल्गोरिदम उत्तम आहे,” निहार म्हणाला. आवाज जरा खाली आला होता. “पण त्याला पाच हजार बॅच लागतात. कॉम्प्युटरमध्ये लागतात, खऱ्यात नाही. आता कॉम्प्युटरमधला रिअ‍ॅक्टरच गेला.”

“खऱ्यात चालवला तर?” धनाजीराव बोटांवर मोजत म्हणाले, “रोज एक. पाच हजार दिवस. चौदा वर्षं. रामाचा वनवास झाला की हा.”

निहार हसला. चार दिवसांत पहिल्यांदा.

“काका, आकांक्षासाठी स्थळं बघताय ना?” देवश्रीने विचारलं. आकांक्षा म्हणजे धनाजीरावांची मुलगी, नर्स.

“आता तो विषय कशाला?”

“तुमची अडचण आणि आमची अडचण एकच आहे म्हणून. गुरुजी पत्रिका जुळवतात. नाडीचे आठ, गणाचे सहा, असे आठ कप्पे, सगळ्यांची बेरीज, छत्तीसपैकी अठरा आले की पास. ही एक जात. सगळ्याला आधीच वजन ठरवायचं आणि बेरीज करून एक आकडा काढायचा. झटपट. पण कुठल्याला किती वजन, हे आधी माहीत हवं.”

“आणि नाडीत शून्य येऊन सुद्धा बेरजेत अठ्ठावीस येतात,” धनाजीराव म्हणाले. “आलं होतं तसं एक. बेरजेत दिसतच नाही खड्डा.”

“बरोबर. शिवाय काही चांगली स्थळं अशी असतात की वजनं कशीही फिरवा, बेरजेत ती कधी पहिली येतच नाहीत. दुसरी जात अटवाली. मुलगा बडोद्यातलाच हवा, दारू नको, एवढं पाळून मग जो जास्त शिकलेला तो. बाकीच्यांना मर्यादा घालायच्या आणि एकाच गोष्टीच्या मागे लागायचं.”

“ही आकांक्षाची आई.”

“तिसरी जात निहारची. आधी काही ठरवायचंच नाही. शंभर स्थळं एकदम मांडायची, जो सगळ्या बाबतींत दुसऱ्याकडून मार खातो तो काढायचा. मार न खाल्लेले उरतील ते समोर ठेवायचे आणि म्हणायचं, निवडा.”

“त्यात पण घराणी आहेत,” निहार म्हणाला. त्यालाही आता गंमत वाटू लागली होती. “कुणी मार मोजतं, कुणी प्रश्नाचे तुकडे करून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वाटतं, कुणी सगळ्या कळपाला मिळून एकच मार्क देतं. मार मोजणारे दोन-तीन अटींपर्यंत चालतात. सात-आठ अटी घातल्या की प्रत्येक जण कशात ना कशात पहिला असतो. काढणार कुणाला?”

“हे आमच्या भावकीत होतं,” धनाजीराव म्हणाले. “म्हणून कुणाचंच जमत नाही.” त्यांनी चहा संपवला. “पण ताई, शंभर स्थळं कोण बघायला जाणार? एकेक बघणं म्हणजे कांदेपोहे, रिक्षा, रजा. मी वर्षात दहा बघू शकतो.”

“आपल्याकडे पण दहाच आहेत,” देवश्री म्हणाली. “म्हणून चौथी जात. ही आळशी आहे आणि धूर्त आहे. एक बघून आली की बसून विचार करते. कुठे बरं असेल आणि कुठल्याबद्दल आपल्याला अजून काहीच माहीत नाही, दोन्ही तोलते आणि मग पुढचं एकच ठरवते. मोठी माहिती तिला झेपत नाही, शंभर गोष्टी फिरवायच्या असतील तर ती गळपटते. पण आपण फिरवतोय तीनच. तापमान, अ‍ॅसिडचा वेळ, धुवायचं पाणी.”

निहारने कप बाजूला ठेवला. मग म्हणाला, “मी आल्या दिवशीच किती बॅच मिळणार ते विचारून ही निवडायला हवी होती. मला जी येते ती मी आणली.”

हे ज्याला कबूल करता येतं तो पुढे शिकतो. बाकीचे सेमिनार घेतात.

दहापैकी पहिल्या चार बॅच देवश्रीने लांब लांब पसरून ठेवल्या आणि त्यातली एक धनाजीरावांची स्वतःची, सत्तावन्न अंश, पाऊण तास. कागदावर पहिल्यांदाच वेडेवाकडे आकडे आले, सत्तावन्न, एकोणसाठ, पंचावन्न. एकाने तर समासात लिहिलं, ‘व्हॉल्व अडकला, दहा मिनिटं गेली’. देवश्रीला तो समास वाचून जेवढा आनंद झाला तेवढा निहारच्या कमानीने झाला नव्हता. रोज दुपारी नमुना यायचा, ती सीओडी काढायची, निहार आकडे भरायचा आणि पडद्यावर उद्याची एकच कृती यायची. धनाजीराव ती वाचून मान हलवायचे किंवा हलवायचे नाहीत. एकदा प्रोग्रामने बेचाळीस अंश सुचवलं. “बेचाळीसला ते थिजेल, ताई, ढवळणारं तुटेल,” ते म्हणाले. मग अठ्ठेचाळीसच्या खाली जायचं नाही अशी अट घातली. प्रोग्रामला काय, त्याला राग येत नाही.

दहातल्या सातव्या बॅचला सीओडी चार हजारांच्या खाली आला. लॅबमध्ये ती एकटीच होती. तिने नमुना पुन्हा केला. तोच आकडा. तिने तिसऱ्यांदा केला, नुसत्या हौसेने.

दहा संपल्या तेव्हा मार न खाल्लेल्या तीन कृती उरल्या, मर्यादेच्या आतल्या. केबिनमध्ये देवश्रीने त्या एका कागदावर लिहून ठेवल्या. पहिली, शंभरातला शहाऐंशी माल, सीओडी तीन हजार नऊशे, अकरा तास. दुसरी, माल त्र्याऐंशी, सीओडी तीन हजार शंभर, साडेअकरा तास. तिसरी, माल शहाऐंशी, सीओडी तीन हजार दोनशे, पण सतरा तास.

“सगळ्यात चांगली कोणती?” हसमुखभाईंनी विचारलं.

“तशी एक नसते. यातली कुठलीही दुसरीला सगळ्या बाबतींत हरवत नाही. पुढचं मशीन ठरवत नाही, तुम्ही ठरवायचं.”

“मग एवढा खर्च कशासाठी केला?”

“हजारो वाईट कृतींतून तीन चांगल्या निघाल्या, त्यासाठी.”

हसमुखभाईंचं बोट सरळ पहिलीवर गेलं. मालक माणूस, शहाऐंशी बघणार. सतरा तासांची त्यांनी खोडलीच, दुसरीकडे बघितलंही नाही. मर्यादा पाळली जात होती, कागदावर तरी पहिली बिनचूक होती, आणि तरी चार हजारांना इतकी चिकटलेली कृती देवश्रीला नको होती. धनाजीराव दाराशी उभे होते. केबिनमध्ये बसायची सवय त्यांना नव्हती.

“काका,” ती म्हणाली, “पहिली चालेल?”

“आत्ता चालेल. जानेवारी आहे,” धनाजीराव म्हणाले. “मे महिन्यात टाकीतलं पाणीच आठ-दहा अंशांनी चढतं. या पहिलीचं सत्तावन्न धरायला जाल ते साठ होणार.”

निहारने लॅपटॉप उघडला. त्याने उन्हाळ्याच्या पाण्याचे आकडे भरले. “उन्हाळ्याचं पाणी धरलं तर पहिली चार हजार तीनशेवर जाते,” तो म्हणाला. “दुसरी तीन हजार पाचशेला थांबते. ही चौथी अट आम्ही घातलीच नव्हती, साहेब. आम्हाला माहीतच नव्हती.”

“त्र्याऐंशी,” हसमुखभाई म्हणाले. जणू कुणी त्यांच्या ताटातली पोळी उचलली. “तीन टका जवाना, जाणार.”

“शेठ,” धनाजीराव दारातूनच म्हणाले, “बंद रिअ‍ॅक्टरमध्ये माल किती निघतो?”

हसमुखभाईंनी वर बघितलं. एकोणीस वर्षांत या माणसाने त्यांना प्रश्न विचारला नव्हता. मेमोवर सही तेवढी केली होती. ते रागावतील असं देवश्रीला वाटलं. ते हसले, थोडं कडवट, पण हसले, आणि दुसऱ्या कृतीखाली सही केली. मग पेन तसंच हातात ठेवून म्हणाले, “मेमोचं शुं करायचं? दस बॅच तर संपल्या.”

“ते पण तुम्हीच ठरवायचं,” देवश्री म्हणाली.

“एक साल नाही काढणार. पछी जोईशु, मग बघू.”

एक वर्ष. देवश्रीने ते निहारकडून तिथेच टाइप करून घेतलं आणि त्याच्यावरही सही घेतली. तोंडी शब्दावर विश्वास ठेवायचं वय तिचं उलटून गेलं होतं.

सोमवारी नवीन कृतीची पहिली रोजची बॅच निघाली. सीओडी तीन हजार एकशे चाळीस. एरवी ती चिठ्ठी शिपायाकडे देते. त्या दिवशी स्वतः उतरून शेडमध्ये गेली. नऊच्या नऊ जण रिअ‍ॅक्टरपाशी काहीतरी कामात असल्यासारखे उभे होते आणि एकाचाही हात हलत नव्हता.

“तीन हजार एकशे चाळीस,” ती म्हणाली.

“म्हणजे बंद नाही?” एकाने विचारलं.

“नाही.”

कुणीतरी पाना खाली ठेवला. कुणीतरी कागदात बांधलेला फाफडा काढला, कुणीतरी पपईचा संभारा. आकडा वाईट आला असता तर हे सगळं कुठे लपवणार होते कोण जाणे. धनाजीरावांनी ड्रमवर फडकं मारून तिला जागा करून दिली. “दोन नंबरचं पण पाणी काही बरं नाही, ताई,” ते म्हणाले. “त्याचं कधी बघायचं?”

“आधी खाऊ द्या, काका,” देवश्री म्हणाली आणि मोठासा फाफडा उचलला.